मैफलीचे प्रसारणार्थ ध्वनिमुद्रण

श्रोत्यांसमोर रंगलेली गायन-वादनाची मैफल ध्वनिमुद्रित करून पुढे ठरलेल्या वेळी नभोवाणीवरून ऐकवण्याची पद्धत. भारतात ती रुजवण्यात आकाशवाणीचा वाटा मोठा आहे. १९५४ मध्ये सुरू झालेल्या आकाशवाणी संगीत संमेलनात निरनिराळ्या शहरांत निमंत्रित श्रोत्यांपुढे मैफली होतात आणि त्यांची ध्वनिमुद्रणे नंतर देशभर प्रसारित होतात.

मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. त्यात ख्यालाचा विस्तार बसणे शक्यच नव्हते. चुंबकीय फितीने हा प्रश्न बराच सोडवला. तरी सेकंदाला १५ इंच वेगाने धावणारी २४०० फुटांची फीत ३२ मिनिटांत संपते. बडा ख्याल, म्हणजे विलंबित लयीतला लांब ख्याल, मध्येच तुटू नये म्हणून पहिले स्पूल संपण्याआधी दुसरे यंत्र चालू करावे लागे. मग दोन्ही फिती ब्लेडने तिरप्या कापून चिकटपट्टीने जोडत. जोड समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, साधली, तर कानाला कळत नसे.

खरे कौशल्य लागते ते माइक मांडताना. गायक, तबलजी आणि पेटीवाला हाताच्या अंतरावर बसतात, त्यामुळे डग्ग्याचा घुमारा गायकाच्या माइकमध्ये हमखास शिरतो. दोन माइकमधले अंतर माइक आणि ध्वनीचा उगम यांच्यातील अंतराच्या निदान तिप्पट ठेवावे, असा ढोबळ नियम आहे. बैठकीत तो पाळणे कठीणच. म्हणून माइक जवळ घेतात आणि त्यांची दिशा जपतात. तंबोऱ्याकडे मात्र अनेकदा पुरेसे लक्ष दिले जात नाही. तो फार दबला, तर घरी ऐकणाऱ्याला स्वराचा आधारच सापडत नाही.

सभागृहातील कर्ण्यांसाठी केलेला आवाजाचा मेळ प्रसारणाला चालत नाही; माइकचे संकेत विभागून ध्वनिमुद्रणासाठी वेगळा मेळ साधतात. दाद टिपायला श्रोत्यांकडे तोंड केलेले माइक असतात. मंचापासून १७ मीटरवरच्या माइकपर्यंत सूर पोहोचायला सुमारे ५० मिलिसेकंद लागतात. हा फरक आता संगणकावर जुळवता येतो.

संपादनात वाद्ये जुळवण्याचा वेळ आणि माइकची खरखर काढतात. आलापातली शांतता आणि समेवर उमटलेली ‘वाहवा’ मात्र कापू नये. ती गेली, की स्टुडिओत गाऊन घेतलेल्या तुकड्यात आणि मैफलीत फरक काय उरला? कार्यक्रम नेमून दिलेल्या वेळेत बसवताना एखादी चीज (बंदिश) पूर्ण वगळणे परवडते. बढत मधूनच कापली, तर रागाची चढती मांडणी विसकटते.

राग, ताल आणि साथीदार सांगणारे निवेदन पुष्कळदा मागाहून जोडतात. गायक आयत्या वेळी राग बदलू शकतो, म्हणून निवेदनाचा अंतिम मजकूर मैफल संपल्यावरच लिहिलेला बरा.