रक्तवाढीची गोळी पोटात टिकवायची कशी?

आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरात औषधांच्या डब्यात लोहाच्या गोळ्यांची एक अर्धवट पट्टी सापडते. चार-पाच गोळ्या संपलेल्या, बाकीच्या तशाच. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "मला नाही सोसत त्या. घेतली की मळमळतं."

हे उत्तर घरच्यांनी आणि डॉक्टरांनीही गांभीर्याने घ्यायला हवं, कारण ते अगदी खरं आहे. काहींना फेरस सल्फेट (लोहाचं नेहमीचं औषध) आणि काहींना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी देऊन अनेक चाचण्या झाल्या आहेत. खऱ्या गोळीवाल्यांना मळमळ, पोटदुखी, बद्धकोष्ठ किंवा जुलाब हे त्रास स्पष्टपणे जास्त झाले. म्हणजे हे मनाचे खेळ नाहीत आणि "नखरे" तर नाहीतच. पण गोळी सोडून दिली की थकवा, धाप, केस गळणं, पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, हे सगळं तिथेच राहतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात 54 टक्के. सरकारी कार्यक्रमातून या गोळ्या 1970 पासून वाटल्या जात आहेत. गोळी हातात पडते, पण पोटात टिकत नाही.

ती का टिकत नाही, हे कळलं तर बराचसा त्रास टाळता येतो.

आधी थोडा हिशेब. पाळी सुरू असलेल्या स्त्रीच्या शरीराला रोज साधारण दीड ते दोन मिलिग्रॅम लोह आतड्यातून प्रत्यक्ष रक्तात यावं लागतं. आशाताई देतात त्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम असतं. खासगी दुकानातल्या फेरस अ‍ॅस्कॉर्बेटच्या गोळीत बहुधा 100. यातलं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे जठर संपल्यावर लगेच, जेमतेम 10 ते 20 टक्के शोषलं जातं. लोहाची कमतरता तीव्र असेल तर थोडं अधिक. बाकीचं पोटातच फिरत राहतं. विरघळलेलं फेरस लोह जठराच्या आतल्या नाजूक अस्तराला झोंबतं, त्यातून मळमळ आणि जळजळ होते. पुढे मोठ्या आतड्यात गेलेलं लोह तिथल्या जिवाणूंचं गणित बिघडवतं, शौचाला खडा होतो किंवा पोट बिघडतं. संडास काळी होते तीही या उरलेल्या लोहामुळेच, त्याला घाबरायचं कारण नाही. (ती डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधी असेल तर मात्र आत कुठे रक्तस्राव होतोय का, ते तपासलंच पाहिजे.)

आता गेल्या 25 वर्षांत उलगडलेला भाग. आपलं यकृत हेपसिडिन नावाचं एक संप्रेरक बनवतं. लोह आतड्याच्या पेशीत शिरलं तरी तिथून रक्तात उतरण्यासाठी त्याला फाटकासारख्या एका प्रथिनातून जावं लागतं. हेपसिडिन वाढलं की हे फाटक बंद होतं. शरीरात लोहाचा पूर येऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे, कारण जादा लोह बाहेर टाकायची वेगळी वाट आपल्याला नाही. अडचण अशी की 60 मिलिग्रॅमच्या एका गोळीनेसुद्धा हेपसिडिन वाढतं आणि सुमारे 24 तास वाढलेलं राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी पोचते तेव्हा फाटक अर्धवट लागलेलंच असतं. सकाळ-संध्याकाळ दोन गोळ्या घेणाऱ्यांची संध्याकाळची गोळी तर बरीचशी वायाच जाते. वाया म्हणजे कुठे? वर सांगितलं तेच. पोटात, मळमळ द्यायला.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात लोहाचा साठा कमी असलेल्या स्त्रियांपैकी काहींनी रोज, काहींनी एक दिवसाआड 60 मिलिग्रॅम लोह घेतलं. रोज घेणाऱ्यांमध्ये सरासरी 16 टक्के शोषलं गेलं, एक दिवसाआड घेणाऱ्यांमध्ये 22 टक्के. पुढे रक्तक्षय असलेल्या स्त्रियांवरच्या प्रयोगातही कल तोच दिसला. एकूण लोह सारखंच देऊन दोन गटांची तुलना झाली तेव्हा शरीरातला साठा दोघींकडे सारखा भरला, पण दिवसाआड घेणाऱ्या गटाला पोटाचे त्रास कमी झाले.

म्हणून, गोळी सोसत नसेल तर बंद करण्याआधी डॉक्टरांना हा एक प्रश्न जरूर विचारा: "एक दिवसाआड घेऊ का?" गरोदर बाईने आणि एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) खूपच खाली गेलेल्यांनी हा बदल मनाने करू नये. गरोदरपणाच्या उत्तरार्धात लोहाची गरज प्रचंड वाढते, हेपसिडिन आपोआप उतरतं आणि शोषण वाढतं, शिवाय हातात वेळ कमी असतो. तिथे रोजची गोळी, 180 दिवस, असंच सरकारी धोरण आहे. त्यातही ती चौथ्या महिन्यापासून सुरू करतात. पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक अ‍ॅसिड देतात. त्या दिवसांतल्या उलट्यांमध्ये लोहाची भर पडत नाही, हे बरंच आहे.

गोळी कोणत्या वेळी घ्यायची हा दुसरा प्रश्न. शोषणाच्या दृष्टीने सकाळ उत्तम, कारण हेपसिडिन दिवस चढतो तसं वाढत जातं. एका प्रयोगात सकाळी घेतलेल्या लोहाच्या तुलनेत दुपारी घेतलेलं 37 टक्के कमी शोषलं गेलं. त्याच प्रयोगात पाण्याऐवजी कॉफीसोबत घेतल्यावर शोषण निम्म्याहून अधिक घटलं. आपल्याकडे कॉफीच्या जागी चहा. चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात आणि दुधातलं कॅल्शियमही आड येतं. सकाळी उठून चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहते. त्या मनापासून औषध घेतात आणि औषध त्यांना मिळतच नाही. चहा सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, पण गोळी आणि चहा यांत एक-दोन तासांचं अंतर हवंच. तोच नियम जेवणानंतरच्या चहाला लावावा.

पण रिकाम्या पोटी ज्यांना ओकारीच येते त्यांचं काय? त्यांनी सरळ जेवणानंतर किंवा रात्री झोपण्याच्या तासभर आधी घ्यावी. शोषण कमी होईल, कदाचित निम्म्यावर येईल, हे खरं. तरी पोटात राहिलेली गोळी कचऱ्याच्या डब्यात गेलेल्या गोळीपेक्षा केव्हाही जास्त लोह देते. शाळांमध्ये किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा, बहुधा सोमवारी, निळी गोळी मिळते, तीही मध्यान्ह भोजनानंतरच. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये. अन्ननलिकेत अडकलेली लोहाची गोळी वाईट भाजते.

लिंबूपाणी चांगलं, कारण क जीवनसत्त्व लोहाला शोषायला सोप्या रूपात ठेवतं. ज्यांना आम्लपित्त आहे त्यांना उपाशीपोटी लिंबूही नको वाटतं, त्यांनी जेवणात एक पेरू किंवा आवळा खावा. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या वेगळ्या विकत घ्यायची गरज नाही. त्या घेऊनही एचबी वाढण्यात म्हणावा असा फरक पडत नाही, असं एका मोठ्या चिनी चाचणीत दिसलं.

एक सापळा मात्र फार जणी ओढवून घेतात. गोळीने मळमळतं म्हणून "पित्ताची" गोळी सुरू करतात. जठरातलं आम्ल कमी झालं की लोह विरघळायलाच अडचण येते. मळमळ थांबते, एचबीही हलत नाही. मग डॉक्टर डोस वाढवतात! कॅल्शियमची गोळीही लोहासोबत नको, निदान दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर चार तासांचं.

दुकानात "पोटाला सौम्य" म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांवर असं आवरण असतं की त्या जठरात फुटत नाहीत, हळूहळू पुढे जाऊन विरघळतात. त्रास नक्की कमी होतो. पण लोह शोषणारा मुख्य भाग जठराला लागूनच असतो, तो मागे पडल्यावर गोळी फुटली तर उपयोगही कमी होतो. माझं मत विचाराल तर महागडा ब्रँड बदलत बसण्यापेक्षा डोस कमी करून पाहणं शहाणपणाचं. पाकिटावर "मूलद्रव्यी लोह" किती आहे ते वाचा, कारण खरा आकडा तोच. फेरस ग्लुकोनेटमध्ये वजनाच्या साधारण 12 टक्केच लोह असतं, फेरस फ्युमरेटमध्ये 33. एखादी गोळी "सोसते" याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं की तिच्यात लोह कमी आहे. बिघडत नाही, फक्त ते माहीत असावं.

आता ताटाकडे वळू. बीट आणि डाळिंब लाल आहेत म्हणून रक्त वाढवतात, ही समजूत काही केल्या जात नाही. दोन्हींत 100 ग्रॅममागे एक मिलिग्रॅमही लोह नसतं. त्यांपेक्षा आपल्या रोजच्या डब्यातली मटकी, कुळीथ, मसूर कितीतरी सरस, 100 ग्रॅम कोरड्या दाण्यांत साधारण 7 ते 9 मिलिग्रॅम. पण कडधान्यांत आणि धान्यांच्या कोंड्यात फायटेट असतं, ते लोहाला बांधून ठेवतं. दाणे भिजवले, त्यांना मोड आणले की हे फायटेट मोडायला लागतं. आंबवल्यावरही तसंच. मटकीला बोटभर मोड आणून केलेली उसळ, वर लिंबू आणि मूठभर कोथिंबीर, शेजारी कच्चा कोबी किंवा पेरूची फोड: शाकाहारी माणसाला याहून चांगला मेळ जमवणं कठीण. मांसाहार चालत असेल तर मटण, कलेजी, मासे यांतलं लोह वेगळ्या रूपात येतं. ते 15 ते 35 टक्के शोषलं जातं, आणि ताटातल्या भाजी-भाकरीतलं लोहही सोबत घेऊन जातं. आमटी, सार, टोमॅटोची भाजी असे आंबट पदार्थ लोखंडी कढईत केले तर त्यात लोह उतरतं. फक्त ते कढईत तसेच ठेवू नका, चव बिघडते.

बाजरीबद्दल थोडं जास्त लिहायचं आहे. हैदराबादच्या इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेने पैदास केलेलं 'धनशक्ती' हे जादा लोहाचं वाण महाराष्ट्रातच आधी शेतकऱ्यांपर्यंत पोचलं. तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निवासी शाळांमध्ये 12 ते 16 वर्षांच्या सुमारे अडीचशे मुलामुलींवर एक चाचणी झाली. निम्म्यांना जादा लोहाच्या बाजरीची भाकरी, निम्म्यांना साधी, सहा महिने. सुरुवातीला लोहाची कमतरता असलेल्या मुलांपैकी जादा लोहाची भाकरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता सुमारे 1.6 पट होती. औषध नाही, मळमळ नाही, फक्त भाकरी. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण यात मुलांना वेगळं काहीच करावं लागलं नाही.

तरीही, एचबी 8 वर आलेल्या बाईला "आहार सुधारा, गोळीची गरज नाही" असं सांगणं मला पटत नाही. पन्नास किलो वजनाच्या बाईचं एचबी 8 वरून 12 वर न्यायला रक्तातच साडेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास जादा लोह लागतं. साठा भरायला आणखी काही शे. चांगल्या ताटातून रोजच्या गरजेवर अर्धा-पाऊण मिलिग्रॅम शिल्लक पडलं तरी अडीच ते चार वर्षं लागतील, तीही पाळीत जास्त रक्त जात नसेल तर. जेवणाचं काम भरलेलं लोह टिकवायचं. भरायला गोळीच हवी.

आणि ती गोळी योग्य माणसाच्या पोटात जायला हवी. प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो. कटाक्षाने शाकाहारी असलेल्यांत बी-12 ची कमतरता पुष्कळ आढळते. त्यात लाल पेशी मोठ्या होतात आणि हातापायांना मुंग्या येऊ शकतात. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, सिंधी, लोहाणा, पंजाबी कुटुंबांत थॅलेसेमिया या तशाच आजाराचा वाहकपणा जास्त दिसतो. अशांना लोहाची कमतरता सोबत नसताना महिनोन् महिने लोह देऊन उपयोग होत नाही, फक्त मळमळ होते. म्हणून एचबीबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्यावं. पन्नाशीपुढच्या स्त्रीला किंवा कोणत्याही वयाच्या पुरुषाला लोह कमी पडत असेल तर रक्त कुठून जातंय, हे आधी शोधावं.

गोळी लागू पडली तर महिनाभरात एचबी साधारण एकाने तरी चढायला हवं. चढलं नाही तर चहा, पित्ताची गोळी, जंत, पाळीतला जास्त रक्तस्राव या गोष्टी क्रमाने तपासाव्यात. एचबी 12 झालं की बहुतेक जणी थांबतात. तेव्हा रक्त भरलेलं असतं, साठा रिकामाच असतो. तो भरायला पुढे आणखी तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. आणि सगळं करूनही पोट ऐकत नसेल तर शिरेतून लोह देता येतं. आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज सलाइनमधून देतात, पोटाला ते कळतही नाही. दिवस भरत आलेल्या बाईला सरकारी रुग्णालयांतही ते मिळतं. प्रतिक्रिया आली तर लगेच सांभाळता यावी म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

गोळ्यांची पट्टी मात्र लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी वर, बंद डब्यात ठेवा. लाल रंगाची, गोळी-चॉकलेटसारखी दिसणारी ही गोळी मूठभर गेली तर दोन-तीन वर्षांच्या मुलाचा जीव जाऊ शकतो. तसं झाल्याचा नुसता संशय आला तरी उलटीची वाट न बघता थेट दवाखाना गाठावा.