आर्मेनियन घरगुती स्वयंपाक

दक्षिण कॉकेशसमधील आर्मेनिया आणि एकेकाळी आर्मेनियन वस्ती असलेला पूर्व अनातोलिया (आजच्या तुर्कस्तानचा पूर्व भाग) या उंच, पठारी मुलखात घडलेली पाकपरंपरा. तिथून परागंदा झालेल्या लोकांबरोबर ती सिरिया, लेबनॉन, इराण, फ्रान्स आणि अमेरिकेपर्यंत पोहोचली. गहू, दही, मांस, रानभाज्या आणि सुकवलेली फळे हा तिचा पाया. तोल्मा (पानात किंवा भाजीत भरलेले सारण), हरीसा, लवाश (पातळ रोटी), बस्तुर्मा, मंती (खिमा भरलेल्या कणकेच्या छोट्या पाऱ्या) ही नावे मात्र शेजारच्या तुर्की, इराणी, अरबी, जॉर्जियन किंवा अझरबैजानी स्वयंपाकातही थोड्याफार फरकाने भेटतात. म्हणून निव्वळ पदार्थांची यादी घेऊन आर्मेनियन स्वयंपाक ओळखायला गेले तर फारसे काही हाती लागत नाही. त्याची ओळख पटते ती हिवाळ्यासाठी केलेल्या साठवणीवरून आणि आर्मेनियन चर्चच्या उपवासांवरून.

भूमी आणि साठवण : आजच्या आर्मेनियाची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर आहे. खाली अरारातच्या मैदानात द्राक्षे आणि जर्दाळू पिकतात. जर्दाळूचे शास्त्रीय नाव प्रुनस आर्मेनियाका असे आहे. वर डोंगरात गहू, जव आणि गुरे-मेंढ्या. अरेनी येथील गुहेत द्राक्षे तुडवण्याचा हौद आणि आंबवण्याचे रांजण सापडले असून ते सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. इ. स. पू. ४०१–४०० च्या हिवाळ्यात ग्रीक सेनानी झेनोफन आपल्या सैनिकांसह या भागातून परतत होता. जमिनीखाली बांधलेली घरे, आत माणसांबरोबर बांधलेली जनावरे, एकाच पंगतीला कोकरू, करडू, डुक्कर, वासरू आणि कोंबडी, सोबत गव्हाच्या व जवाच्या भाकऱ्या, आणि मोठ्या भांड्यातून बोरूच्या नळीने ओढून प्यायची जवाची दारू असे वर्णन त्याने करून ठेवले आहे.

बर्फात महिनोन्‌महिने अडकणाऱ्या गावांत सगळे आधीच करून ठेवावे लागे. मांस खारवून, दाबून, वाळवून त्यावर मेथी, लसूण आणि लाल मिरचीचा जाड लेप (चमन) दिला की बस्तुर्मा होते. मांस चरबीत शिजवून त्याच चरबीखाली मडक्यात मुरवून ठेवत. दह्याला मात्सून म्हणतात; ते घुसळून लोणी काढले की उरते ते तान, म्हणजे ताक. ताक आटवून, त्याचे गोळे करून वाळवले की चोरतान तयार होतो. हिवाळ्यात तो पाण्यात विरघळवायचा, त्यात गहू शिजवायचा, की स्पास नावाचे आंबटसर सूप झाले. इराणचा कश्क आणि मध्य आशियातला कुरुत ही याचीच भावंडे. जनावरे चारत फिरणाऱ्या सगळ्याच लोकांना दूध टिकवायचे होते. अवेलुक नावाच्या रानचुक्याची पाने बायका वसंतात खुडतात, त्यांच्या लांब वेण्या घालून सावलीत वाळवतात. वेणीचे तुकडे पुढे उकळून पाणी टाकून देतात आणि कांदा, लसूण, अक्रोड घालून भाजी किंवा सूप करतात.

धान्य आणि रोटी : आर्मेनियन घरात गहू एकाच रूपात येत नाही. कांडून साल काढलेला गहू वेगळा, उकडून वाळवलेला द्झावार वेगळा, बारीक भरडलेला ब्लघुर वेगळा. कोणत्या पदार्थाला कोणता, यावर आज्या हटून बसतात. हाचार नावाचा जुना गहूही पिलाफासाठी वापरतात. हीच आपली खपली. नाताळाच्या दिवसांत कांडलेल्या गव्हात सुकवलेले जर्दाळू, मनुका आणि साखर घालून अनुशाबुर करतात. ते पाहून कोल्हापूर-सोलापूरकडच्या माणसाला हुग्गी आठवल्यावाचून राहणार नाही. तुर्कस्तानात याचेच भावंड आशुरे या नावाने मोहरमच्या महिन्यात शिजते.

रोटीसाठी जमिनीत पुरलेली मातीची भट्टी असते, तिला तोनीर म्हणतात. तंदूर, तन्नूर, जॉर्जियन तोने ही सारी एकाच कुळातली. लवाश करणे हे एकटीचे काम नाही. तीन-चार जणी तोनीरभोवती बसतात. एक गोळे करते, दुसरी लाटते आणि पारी हातावर इकडून तिकडे झेलत पातळ करते, तिसरी ती गवत किंवा लोकर भरलेल्या लांबट उशीवर ताणून बसवते आणि भट्टीत वाकून भिंतीवर थापते. अर्ध्या-एक मिनिटात फोड येतात, तोच आकड्याने रोटी ओढून काढायची. उशी आणि भट्टी बनवण्याचे काम मात्र परंपरेने पुरुषांकडे. वाळलेल्या लवाशची चळत महिनोन्‌महिने टिकते; लागेल तेव्हा पाणी शिंपडून फडक्यात गुंडाळली की पुन्हा मऊ होते. लग्नात नवरा-नवरीच्या खांद्यावर लवाश टाकतात.

हरीसा : कांडलेला गहू आणि कोंबडी किंवा मेंढीचे मांस मंद आचेवर इतके शिजवायचे की दाणा आणि तंतू वेगळे सांगता येऊ नयेत. वरून लोणी. दहाव्या शतकातील बगदादच्या पाककृतींत हरीसा आहे; तुर्कस्तानात त्याला केश्केक म्हणतात, आणि हैदराबादच्या बार्कस भागात येमेनी वंशाच्या लोकांकडे हरीस अजून शिजते. तेव्हा पदार्थ कुणा एकाचा नाही. पण आर्मेनियनांसाठी त्याला १९१५ ची एक आठवण चिकटली आहे. ऑटोमन सरकारने हद्दपारीचे हुकूम काढले तेव्हा अँटिओकजवळच्या (आजच्या दक्षिण तुर्कस्तानातील) मुसा दाघ डोंगरावरील सहा गावांच्या लोकांनी ते धुडकावून वर जाऊन मोर्चे बांधले. अखेर सप्टेंबरात फ्रेंच युद्धनौकांनी चार हजारांहून अधिक लोकांना उचलून इजिप्तमधील पोर्ट सैदला नेले. त्यांचे वंशज आज आर्मेनियातील मुसालेर आणि लेबनॉनमधील अंजार येथे राहतात. दर सप्टेंबरात तिथे मोठमोठ्या कढयांत हरीसा रात्रभर शिजते. पुरुष आळीपाळीने लाकडी दांड्यांनी घोटतात, ढोल-झुर्ना चालू असतात, आणि सकाळी पाद्र्याने आशीर्वाद दिल्यावर ती येईल त्याला वाटली जाते.

उपवास आणि सण : ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासकाळात मांस, दूध, अंडी सगळेच वर्ज्य. या बंधनातून एक वेगळी, माझ्या मते सर्वांत चतुर शाखा निघाली. पासुत्स तोल्म्यात कोबीच्या पानात हरभरे, राजमा, मसूर, भरडलेला गहू आणि आंबट सुकी फळे भरतात आणि ते गारच खातात. नववर्षाच्या पंक्तीतही ते लागतातच. इस्तंबूलच्या आर्मेनियनांचा तोपिक याच जातीचा: हरभरा-बटाट्याच्या पारीत परतलेला कांदा, मनुका, तीळकूट आणि दालचिनी. संत सार्गिसच्या सणाच्या आदल्या रात्री अविवाहित मुलेमुली एक कमालीची खारट टिकली खाऊन, पाणी न पिता झोपतात. स्वप्नात जो पाणी देईल त्याच्याशी लग्न. ईस्टरला मनुका घातलेला भात, मासे आणि कांद्याच्या सालीत उकडून लाल केलेली अंडी. चर्च नाताळ ६ जानेवारीला पाळते. घापामा, म्हणजे भात, सुकामेवा आणि मध भरून भाजलेला अख्खा भोपळा, हिवाळ्यातल्या याच सणासुदीचा.

पूर्व आणि पश्चिम : आर्मेनियाची राजधानी येरेवानकडच्या स्वयंपाकात मसाले बेताचे. ताटात तारगोन, जांभळी तुळस, कोथिंबीर यांची जुडी तशीच कच्ची येते. रविवारी पुरुष खोरोवात्स (सळईवर भाजलेले मांस) भाजतात. थंडीत पहाटे गाईच्या पायांचा खाश (रस्सा) लसूण आणि वाळल्या लवाशबरोबर खातात. अनातोलिया, किलिकिया (तुर्कस्तानचा भूमध्य समुद्राकडचा दक्षिण भाग) आणि सिरियातील अलेप्पोकडच्या आर्मेनियनांच्या हातात मात्र मिरचीची लगदी, जिरे, तीळकूट आणि डाळिंबाचा आंबट पाक. होडीच्या आकाराच्या नखाएवढ्या मंत्या ओळीने थाळीत लावून भाजायच्या आणि वर दही-लसूण घालायचे, हे त्यांचेच कसब. १९४६–४८ मध्ये सुमारे ९० हजार परदेशस्थ आर्मेनियन सोव्हिएत आर्मेनियात येऊन राहिले. २०११ नंतर सिरियातील युद्धामुळे अलेप्पोकडचेही आले. येरेवानच्या खानावळींतून आता लाहमाजो (खिमा पसरून भाजलेली पातळ रोटी) सहज मिळतो, तो या लोकांमुळे. काराबाख या अझरबैजानच्या हद्दीतल्या, पण आर्मेनियन वस्तीच्या डोंगराळ मुलखाची खासियत झेंग्यालोव हात्स, म्हणजे दहा-बारा किंवा त्याहून अधिक पालेभाज्या-रानभाज्या चिरून भरलेली तव्यावरची रोटी. सप्टेंबर २०२३ मध्ये काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियनांना घरदार सोडून यावे लागले, आणि ही रोटीही त्यांच्याबरोबर निघाली.

मालकीचे वाद : युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०११ मध्ये तुर्कस्तानचा केश्केक आला, २०१४ मध्ये आर्मेनियाचा लवाश. लगेच २०१६ मध्ये अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि तुर्कस्तान यांनी मिळून लवाशासह पातळ रोट्यांची नोंद करून घेतली, तर २०१७ मध्ये अझरबैजानचा दोल्मा, म्हणजे तोल्माच. युनेस्कोच्या या नोंदी मालकी ठरवत नाहीत, पण वर्तमानपत्रांतून त्या तशाच वाचल्या जातात. सीमा बंद, युद्धे ताजी आणि १९१५ चा आर्मेनियनांचा नरसंहार तुर्कस्तानने अजून मान्य केलेला नाही. अशा वेळी द्राक्षाच्या पानातला खिमाही राजकारणातून सुटत नाही. वास्तविक शतकानुशतके ऑटोमन आणि इराणी साम्राज्यांत हे लोक एकाच बाजारात धान्य घेत आणि एकमेकांच्या घरी जेवत. कोणी कोणाकडून काय उचलले हे बहुतेक बाबतीत आता सांगता येणार नाही.

भारताशी संबंध : इराणच्या शाह अब्बासने १६०४ मध्ये जुल्फा शहर रिकामे करून तिथल्या आर्मेनियनांना इस्फहानला नेले. त्यांनी वसवलेल्या नव्या जुल्फाचे व्यापारी पुढे सुरत, आग्रा, मद्रास, कलकत्ता आणि मुंबईत आले. मुंबईच्या फोर्ट भागातील सेंट पीटर चर्च त्यांचेच. बंगालमधला पोटोलेर दोर्मा, म्हणजे मासे किंवा खिमा भरलेले परवल, कलकत्त्याच्या आर्मेनियनांच्या तोल्म्यावरून आला असे तिथे सर्रास सांगतात. भरल्या भाज्या मोगल दरबाराच्या वाटेनेही येऊ शकत होत्या, पण बंगाली घरांनी श्रेय दिले आहे ते आर्मेनियनांना.