ईबस आणि ईयूएस: नावं जुळी, नळ्या वेगळ्या

काल परत तेच. पेशंटचा मुलगा फाइल घेऊन दारात उभा, "मॅडम, गेल्या आठवड्यात झालीय की ही टेस्ट, परत कशाला?" फाइल बघितली तर आधीच्या कागदावर ईबस आणि आताच्या कागदावर ईयूएस. त्याची काही चूक नाही हो, दोन्हीत तोंडातून दुर्बीण जाते, दोन्हीच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटासा प्रोब, दोन्हीत त्या दुर्बिणीतूनच सुई घालून गाठीतलं सॅम्पल काढतात, आणि आपल्याकडे तोंडातून नळी गेली की सगळीच "एंडोस्कोपी". मी स्लाइड बघणारी बाई, दोन्ही रूममध्ये कोपऱ्यात माझा मायक्रोस्कोप मांडलेला असतो.

ईबसमध्ये स्कोप श्वासनळीत जातो, ईयूएसमध्ये अन्ननलिकेत. फरक एवढाच, बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात.

आधी हे करतात कशाला ते बघू. फुफ्फुसाचा कॅन्सर आहे हे कळलेलं असतं (किंवा दाट शंका असते), आता बघायचं असतं की तो छातीच्या मधोमध असलेल्या गाठींत (लिम्फ नोड, म्हणजे सगळ्यांच्याच शरीरात असतात त्या लसिका ग्रंथी, ट्यूमर नव्हे) शिरलाय का. त्याच बाजूच्या फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या गाठीत सापडला तर एन१, त्याच बाजूला पण मधल्या भागात किंवा श्वासनळीला जिथे दोन फाटे फुटतात त्याच्या खाली सापडला तर एन२, आणि विरुद्ध बाजूला किंवा गळ्याच्या हाडाच्या वर सापडला तर एन३, म्हणजे मग बहुतेक वेळा ऑपरेशनचा विषयच बंद. त्यात जानेवारी २०२५ पासून स्टेजिंगची (कॅन्सर किती पसरलाय ते ठरवायच्या नियमांची) नववी आवृत्ती लागू झाली, तिच्यात एन२चेही दोन भाग केलेत, एकाच ठिकाणच्या गाठी असतील तर एन२ए, जास्त ठिकाणी असतील तर एन२बी. त्यामुळे एक गाठ पॉझिटिव्ह आली की सुई ठेवून दिली असं आता चालत नाही.

"पेट स्कॅन केलाय ना, त्यात चमकलंय की" हे पण रोज ऐकते. अहो टीबीची गाठ पण चमकते, सारकॉइडची पण चमकते (तोही गाठी सुजवणारा आजारच, पण कॅन्सर नव्हे). आपल्याकडे तर पेटवर लालभडक दिसलेल्या गाठीची स्लाइड लावावी आणि कॅन्सरची एकही पेशी न दिसता नुसते टीबीचे ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचे पुंजके) दिसावेत, हे काही नवीन नाही. अशा माणसाचं ऑपरेशन फक्त स्कॅन बघून रद्द केलं तर?

आता गंमत हवेची. पोटाच्या सोनोग्राफीला जेल का लावतात, तर मध्ये हवा आली की चित्रच येत नाही. श्वासनळीत तर हवाच हवा, म्हणून ईबसचा प्रोब भिंतीला दाबून टेकवायला लागतो, कधी टोकाला पाण्याचा फुगा फुगवतात. अन्ननलिका असते श्वासनळीच्या मागे, जराशी डावीकडे. त्यामुळे तिथून डावीकडच्या आणि खालच्या गाठी छान दिसतात, पण उजवीकडची ४आर नंबरची गाठ हवेने भरलेल्या श्वासनळीच्या आड जाते. रिपोर्टमध्ये ते ४आर, ४एल, ७ असे नंबर असतात ना, ते गाठींचे पत्ते, आर म्हणजे उजवी, एल म्हणजे डावी. ईबस २, ४, ७, १० आणि ११पर्यंत जातं. ईयूएसला ४एल आणि ७ मिळतात, वर ८ आणि ९ मिळतात जे ईबसला मिळत नाहीत, शिवाय डावी अ‍ॅड्रिनल (किडनीच्या वरची ग्रंथी) आणि लिव्हरचा डावा भाग. ५ आणि ६ महाधमनीच्या बाजूला, तिथे दोघांचेही हात आखडतात.

ईबसचा स्कोप साधारण ७ मिलिमीटर जाड, ईयूएसचा त्याच्या जवळपास दुप्पट, पण त्रास उलटा! बारीकवाल्यात पेशंट खोकून खोकून बेजार होतो कारण तो श्वासाच्या वाटेत असतो, जाडवाला एकदा गिळला की बराच शांत. म्हणून काही डॉक्टर ईबसचाच बारीक स्कोप त्याच बैठकीत श्वासनळीतून काढून अन्ननलिकेत घालतात, त्याला ईयूएस-बी म्हणतात. मला विचाराल तर हेच सगळ्यात शहाणपणाचं, पण ईबस छातीवाल्यांचं आणि ईयूएस पोटवाल्यांचं, डिपार्टमेंट वेगळी, त्यामुळे सगळीकडे होत नाही.

दोन्ही मिळून केल्याचा फायदा युरोपातल्या अ‍ॅस्टर ट्रायलमध्ये दिसला, २०१० साली छापून आलेली, २४१ पेशंट. थेट सर्जरीने गाठी तपासल्या तर पसरलेल्यांपैकी ७९ टक्के सापडले, आधी ईबस-ईयूएस आणि त्यात काही नाही निघालं तरच सर्जरी, असं केलं तर ९४ टक्के. विनाकारण छाती उघडण्याचं प्रमाण १८ वरून ७ टक्क्यांवर आलं. म्हणजे सुईत काही नाही आलं तरी शंका असेल तर पुढे बघावंच लागतं.

माझ्या स्लाइडवर नळी लगेच ओळखू येते. ईबसच्या सॅम्पलमध्ये टोकाला केसांची झालर असलेल्या पेशी, कधी कूर्चेचा तुकडा. ईयूएसमध्ये चपट्या, पसरट पेशी, अन्ननलिकेच्या अस्तराच्या. या दोन्ही वाटेत चिकटलेल्या, कामाच्या नाहीत. मला हव्या असतात लिम्फोसाइट, म्हणजे गाठीतल्या पांढऱ्या पेशी, त्या नसतील तर सुई गाठीत गेलीच नाही, मी मान हलवते आणि डॉक्टर परत टोचतात. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या आजींच्या गाठीतून तर सॅम्पल येतं तेच काळं, काजळीसारखं.

त्या मुलाच्या वडिलांचा ट्यूमर डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात. ईबसमध्ये ७ नंबर स्वच्छ आला, पण पेटवर ८ पण चमकत होता आणि ८ श्वासनळीतून मिळतच नाही. त्याला पेनाने कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या, मागची जरा डावीकडे, तिच्या शेजारी खाली एक ठिपका. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे बिल वेगळंच."

वेगळंच, म्हटलं.