एकवीस दिवस गोळी, सात दिवस सुट्टी: पाल्बोसिक्लिबमागचा इतिहास

स्तनाचा कॅन्सर हाडांत किंवा फुप्फुसात उतरलेला आहे आणि बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘ई.आर. पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह’ असं लिहिलंय (म्हणजे गाठ इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर पोसणारी, पण हर-टू हे प्रथिन जास्त नसलेली), तर आज कॅन्सरतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर बहुतेकदा दोन औषधं दिसतात. एक लेट्रोझोल, रोज एक गोळी. दुसरं पाल्बोसिक्लिब किंवा त्याच गटातलं एखादं औषध. पाल्बोसिक्लिब एकवीस दिवस घ्यायचं, सात दिवस थांबायचं, मग पुढचं चक्र. सलाईन लावायला डे-केअरमध्ये जावं लागत नाही आणि केमोसारखे सगळे केस गळत नाहीत. भारतात निम्म्याहून जास्त स्तनाचे कॅन्सर हार्मोन पॉझिटिव्ह असतात, त्यामुळे ही चिठ्ठी मिळणाऱ्या बायका काही मोजक्या नाहीत.

या औषधाबद्दल लिहिलं जातं ते बहुतेक शोधाच्या बाजूने. मला त्यातला रखडण्याचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. रेणू हाती आल्यानंतरही तो दोनदा अडकला. आधी कंपनीच्या यादीत, मग किमतीत.

पण सुरुवात लेट्रोझोलच्या बाजूने करायला हवी, कारण तो धागा फार जुना आहे. ग्लासगोतले सर्जन जॉर्ज बीटसन तरुणपणी मेंढपाळांच्या भागात काही काळ राहिले होते. जनावरांचं दूध आणि अंडाशय यांचा काहीतरी संबंध आहे, हे तिथे त्यांच्या डोक्यात बसलं. १८९५ मध्ये त्यांनी स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या एका तरुण बाईची अंडाशयं काढली. गाठी विरघळत गेल्या. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. तेव्हा इस्ट्रोजेन कुणाला ठाऊकच नव्हतं, ‘हार्मोन’ ही संज्ञाही अजून रुळायची होती. काही बायकांना या शस्त्रक्रियेचा गुण येई आणि काहींना अजिबात येत नसे. असं का, याचं उत्तर मिळायला साठेक वर्षं गेली. शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी इस्ट्रोजेन वापरून दाखवलं की ठरावीक पेशींमध्येच ते धरून ठेवणारा रिसेप्टर असतो. रिपोर्टवरचं ‘ई.आर.’ ते हेच.

टॅमॉक्सिफेनचा किस्सा याहून मजेशीर. इंग्लंडमधल्या आय.सी.आय. कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये हा रेणू बनवला तो गर्भनिरोधक म्हणून. उंदरांमध्ये तो चालला, पण बायकांमध्ये उलट बीजनिर्मितीला चालना देऊ लागला. गर्भनिरोधक म्हणून तो बादच. तरीही कुणीतरी त्याला कॅन्सरवर वापरून बघायचं ठरवलं आणि १९७१ मध्ये मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमधून मेरी कोल व सहकाऱ्यांचा पहिला अहवाल आला. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९७७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढे नव्वदच्या दशकात ॲनास्ट्रोझोल, लेट्रोझोल आली. पाळी गेलेल्या बायकांच्या शरीरात इस्ट्रोजेन तयारच होऊ नये, अशी ही औषधं. नेम धरून मारणाऱ्या औषधांची चर्चा रक्ताच्या कॅन्सरवरच्या इमॅटिनिब या गोळीपासून सुरू करायची पद्धत आहे, पण माझ्या मते तो मान टॅमॉक्सिफेनचा.

अडचण एकच होती. पसरलेल्या आजारात हार्मोनची गोळी काही महिने, नशीब चांगलं असेल तर काही वर्षं चाले आणि मग पेशी तिला दाद देईनाशा होत. पुढची पायरी केमो.

दुसरा धागा आला थेट समुद्रातून. १९८२ च्या उन्हाळ्यात टिम हंट अमेरिकेतल्या वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर काम करत होते. अंड्याचं विभाजन होताना एक प्रथिन वाढत जायचं आणि ऐन क्षणी नाहीसं व्हायचं, पुन्हा वाढायचं, पुन्हा नाहीसं. त्याला त्यांनी सायक्लिन म्हटलं. यीस्टवर काम करणारे लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स वेगळ्या वाटेने त्याच यंत्रणेपाशी पोचले होते. तिघांना २००१ चं नोबेल मिळालं. एकातून दोन होण्याआधी पेशीला काही नाकी पार करावी लागतात. सायक्लिन आणि त्याची जोडीदार एन्झाइम्स, म्हणजे सी.डी.के., ती नाकी उघडतात. स्तनाच्या पेशीत पहिलं मोठं नाकं उघडण्याचं काम प्रामुख्याने सी.डी.के. ४ आणि ६ करतात. आणि सायक्लिन डी हा त्यांचा जोडीदार वाढवण्याचं एक काम इस्ट्रोजेन करतं. दोन्ही धागे इथे गुंतलेले होते, पण ते लक्षात यायला बराच वेळ लागला.

सी.डी.के. रोखायचे पहिले प्रयत्न फसले. फ्लॅव्होपिरिडॉलसारखी औषधं सगळ्याच सी.डी.के.ना सरसकट दाबत, त्यामुळे कॅन्सरबरोबर रोगीही बेजार होई. मिशिगनमधल्या ॲन आर्बरला पार्क-डेव्हिसच्या प्रयोगशाळेत डेव्हिड फ्राय, पीटर टूगुड आणि सहकारी फक्त ४ आणि ६ वर बसेल असा रेणू शोधत होते. २००१ मध्ये तो सापडला. त्याला क्रमांक मिळाला पी.डी. ०३३२९९१. हेच पुढचं पाल्बोसिक्लिब.

त्याच्या आदल्या वर्षीच पार्क-डेव्हिसची मालक कंपनी वॉर्नर-लँबर्ट फायझरने विकत घेतली होती, आणि फायझरला हवं होतं ते कोलेस्टेरॉलचं औषध लिपिटॉर. नव्या मालकाच्या यादीत शेकडो रेणू होते, त्यात हा एक. या औषधाने गाठी झपाट्याने लहान होत नसत, पेशी नुसत्या जागच्या जागी थांबत. केमोच्या मोजपट्टीने पाहणाऱ्याला त्यात फार काही दिसत नव्हतं. माणसांवरच्या चाचण्या हळूहळू चालू राहिल्या, काही रक्ताच्या कॅन्सरमध्येही झाल्या. २००७ मध्ये फायझरने ॲन आर्बरचं केंद्रच बंद करायचं जाहीर केलं. रेणू टिकला, त्याचे जन्मदाते पांगले.

गाडी रुळावर आणली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या रिचर्ड फिन आणि डेनिस स्लॅमन यांच्या गटाने. स्लॅमन म्हणजे हर-टू वरच्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधामागचे संशोधक. या औषधाला स्तनाच्या कॅन्सरचा नेमका कोणता प्रकार दाद देतो, एवढाच साधा प्रश्न त्यांनी घेतला आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या कितीतरी पेशी-प्रकारांवर ते टाकून पाहिलं. २००९ मध्ये निष्कर्ष छापला गेला: इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेल्या पेशी सर्वांत जास्त दबतात, आणि हार्मोनच्या औषधाची जोड दिली तर परिणाम आणखी वाढतो. बीटसनपासूनचा धागा इथे अर्चिनच्या धाग्याला बांधला गेला.

पुढचं भराभर घडलं. पालोमा-१ या चाचणीत १६५ बायका होत्या. नुसत्या लेट्रोझोलवर आजार सरासरी १०.२ महिने आटोक्यात राहिला, जोडीने २०.२ महिने. एवढ्या छोट्या चाचणीवर अमेरिकेच्या एफ.डी.ए. या औषध-नियामक संस्थेने ३ फेब्रुवारी २०१५ ला घाईची मान्यता दिली. नंतर ६६६ बायकांच्या पालोमा-२ मध्ये १४.५ चे २४.८ महिने झाले. २०१७ मध्ये रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब ही त्याच गटातली दोन औषधं मान्य झाली.

इथे जरा थांबावं लागतं, कारण जाहिरातीत हा भाग पुसट होतो. आजार थांबून राहणं वेगळं आणि आयुष्य वाढणं वेगळं. पालोमा-२ मध्ये एकूण आयुष्यमानात ठोस फरक सिद्ध झाला नाही. रायबोसिक्लिबच्या मोनालिसा-२ मध्ये मात्र झाला: ५१.४ महिन्यांचे ६३.९. फरक औषधांचा की चाचण्यांच्या आखणीचा, यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. नेदरलँड्समधल्या सोनिया या चाचणीने तर मुळावरच बोट ठेवलं. हजाराहून जास्त बायकांत त्यांनी पाहिलं की ही गोळी पहिल्या टप्प्यातच दिली काय किंवा हार्मोनचं पहिलं औषध निकामी झाल्यावर दिली काय, आयुष्यमानात फरक दिसत नाही. उशिरा दिली तर ती घेण्याचा काळ मात्र वर्षाहून अधिक कमी होतो. त्यातल्या बहुतेकींना पाल्बोसिक्लिबच दिलं होतं. खिशातून पैसे भरणाऱ्या आपल्यासारख्या देशात या निकालाची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही, असं माझं मत आहे.

आठवड्याच्या सुट्टीमागे रक्त आहे. सी.डी.के. ६ अस्थिमज्जेतल्या पेशींनाही लागतं, म्हणून पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल, खाली येतात. पालोमा-२ मध्ये ६६ टक्के बायकांत ते बरेच खाली गेले, पण ताप येऊन ॲडमिट व्हावं लागावं असा प्रसंग दोन टक्क्यांहूनही कमी जणींवर आला. कारण केमो मज्जेतल्या पेशी मारते, ही गोळी त्यांना नुसती थोपवते, त्यामुळे गोळी थांबली की काउंट वर येतो. म्हणून सुरुवातीच्या चक्रांत पंधरा-पंधरा दिवसांनी सी.बी.सी., म्हणजे रक्तपेशींचा काउंट, करायचा. न्यूट्रोफिल एक हजाराच्या खाली असतील तर पुढचं चक्र लांबवायचं, पुन्हा पुन्हा तसं झालं तर १२५ मिलिग्रॅमवरून १०० आणि मग ७५ वर यायचं. मूळ औषध कॅप्सूलमध्ये होतं आणि ते जेवणासोबत घ्यावं लागे. टॅब्लेट नंतर आली, तिला ही अट नाही. बाजारात दोन्ही मिळतात, तेव्हा पाकिटात काय आहे ते पाहिलेलं बरं. टीबीसाठीचं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरचं फेनिटोइन या गोळीचा अंमल पार उतरवतात. आपल्याकडे दोन्ही औषधं सर्रास दिली जातात, म्हणून आधीच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवायच्या.

आता किमतीचं. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, ते २००५ पासून मिळू लागलं. पाल्बोसिक्लिब या नव्या व्यवस्थेत सापडलं. अमेरिकेपाठोपाठ ते भारतात आलं तेव्हा महिन्याचा खर्च मध्यमवर्गीय घराच्या पगाराहून जास्त होता, आणि ही गोळी काही महिन्यांपुरती नसते, आजार दबलेला असेपर्यंत चालू ठेवायची असते. सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट असूनही दुसऱ्या कंपनीला औषध बनवायची परवानगी, हा मार्ग कायद्यात आहे. २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून सोराफेनिब या कॅन्सरच्या औषधासाठी तो एकदा दिला गेला आणि महिन्याची किंमत २ लाख ८० हजारांवरून ८,८८० वर आली. त्यानंतर कोणत्याही औषधाला तो मिळालेला नाही. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयात रायबोसिक्लिबच्या किमतीवरून एका रुग्णाने दाद मागितली. निकाल लागण्याआधीच तिचं निधन झालं, आणि न्यायालयाने विषय स्वतःहून पुढे चालू ठेवला.

पाल्बोसिक्लिबला शेवटी कॅलेंडरनेच सोडवलं. भारतीय पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं चालतं, म्हणजे चाचण्या रेंगाळल्या त्या वर्षांचं घड्याळही चालूच होतं. जानेवारी २०२३ मध्ये मुदत संपली आणि भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बाजारात उतरल्या. किंमत कित्येक पटींनी खाली आली. अमेरिकेत चाचण्यांत गेलेल्या काळाची भरपाई म्हणून पेटंट वाढवून मिळतं आणि तिथलं संरक्षण २०२७ पर्यंत आहे. आपल्या कायद्यात अशी वाढ नाही.

पसरलेल्या आजारात मूळ गाठ कापून काढल्याने आयुष्य वाढत नाही, हे परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये राजेंद्र बडवे यांच्या गटाने ३५० बायकांच्या चाचणीतून २०१५ मध्येच दाखवलं होतं. चौथ्या टप्प्यात भिस्त औषधावर, हे तेव्हापासून आणखी पक्कं झालं. पाल्बोसिक्लिबही निकामी झाल्यावर काय, याची उत्तरं आता गोळ्यांतूनच येत आहेत. इस्ट्रोजेन रिसेप्टरच बदललेला असेल तर एलासेस्ट्रंट, पी.आय.के.३.सी.ए. जनुकात बिघाड असेल तर अल्पेलिसिब, बी.आर.सी.ए. जनुकात बिघाड असेल तर ओलापॅरिब. यातली कोणती लागू पडेल हे ठरवायला जनुकांची तपासणी करावी लागते, आणि तिचं बिल वेगळं येतं.