टीआयएस ड्रायव्हर (टीपीएम)

टीआयएस ड्रायव्हर : संगणक चालू झाल्यापासून ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती कारभार जाईपर्यंत बूट फर्मवेअरला मदरबोर्डवरच्या सुरक्षा-चिपशी, म्हणजे टीपीएमशी, बोलता यावे म्हणून लिहिलेला सर्वांत खालच्या थराचा कोड. टीपीएम म्हणजे ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल आणि टीआयएस म्हणजे तिच्याशी कसे बोलायचे हे ठरवणारे टीपीएम इंटरफेस स्पेसिफिकेशन. २०२१ मध्ये विंडोज ११ ने टीपीएम २.० ची अट घातली तेव्हा हे नाव घरोघरी पोचले. चिपबद्दल तेव्हापासून बरेच लिहिले गेले, पण तिच्याशी एकेक बाइटने देवाणघेवाण करणाऱ्या या थराबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. वास्तविक चिपमध्ये जमा होणारी मोजमापे खरी की खोटी, हे बऱ्याच अंशी या थरावर आणि त्याने दिलेला निकाल वरचा कोड कसा हाताळतो यावर ठरते.

चिपचे काम थोडक्यात असे. तिच्यात पीसीआर नावाची विशेष रजिस्टरे असतात. वैयक्तिक संगणकासाठीच्या विनिर्देशात (स्पेसिफिकेशनमध्ये) ती २४ आहेत. पीसीआरमध्ये हवे ते मूल्य थेट लिहिता येत नाही. आधीचे मूल्य आणि नवा हॅश (माहितीवरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) जोडून त्या दोहोंचा पुन्हा हॅश काढला जातो आणि तोच नवे मूल्य म्हणून बसतो. फर्मवेअरचा प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचा कोड चालवण्याआधी त्याचा हॅश असा चिपमध्ये घालतो. म्हणून शेवटी उरलेले मूल्य म्हणजे त्या दिवशी काय काय चालले याची न पुसता येणारी नोंद असते. डिस्कची किल्ली या मूल्यांना बांधून ठेवली, तर फर्मवेअर बदलल्यावर चिप किल्ली सोडत नाही. ही नोंद चिपपर्यंत पोचवण्याचे काम ड्रायव्हरचे.

पूर्वपीठिका : टीपीएम १.१ च्या काळात चिपशी कसे बोलायचे हे जो तो उत्पादक आपल्या परीने ठरवी. लिनक्समध्येही ॲटमेल आणि नॅशनल सेमिकंडक्टर यांच्या चिपसाठी वेगवेगळे ड्रायव्हर होते. बायोस, म्हणजे त्या काळचे बूट फर्मवेअर, बनवणाऱ्यांची अडचण सोडवण्यासाठी टीसीजी, म्हणजे ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुप, या उद्योगसंस्थेने एक तोड काढली होती. चिपच्या उत्पादकाने दोन छोटे ड्रायव्हर तयार द्यायचे : मेमरी चालू होण्याआधीचा ‘एमए’ आणि मेमरी मिळाल्यानंतरचा ‘एमपी’. बायोसने त्यांना ठरलेल्या कार्यांनी हाक मारायची. चिप सुरू करणे, बाइट पाठवून उत्तर घेणे, बंद करणे असे मोजकेच व्यवहार त्यात होते. आत काय चालते हे बायोसला कळत नसे. ज्या कोडवर सगळा विश्वास उभा करायचा तोच डोळे मिटून घ्यायचा, ही या व्यवस्थेची मूळ दुर्बलता होती. २००५ मध्ये टीसीजीने टीपीएम १.२ साठी टीआयएस हे विनिर्देश काढले आणि चिपची बाहेरून दिसणारी रजिस्टरे सर्व उत्पादकांसाठी सारखी केली. त्यानंतर एकच ड्रायव्हर इन्फिनिऑनच्या, एसटीच्या किंवा नुव्होटनच्या चिपवर चालू लागला आणि त्याचा स्रोत कोणालाही वाचता येऊ लागला. टीपीएम २.० मध्ये आज्ञांचा संच पार बदलला तरी ही रजिस्टरांची मांडणी जवळजवळ तशीच राहिली.

रजिस्टरे आणि लोकॅलिटी : इंटेल-कुळातल्या संगणकांवर चिपची रजिस्टरे षोडशमान (१६ पायाच्या, ए ते एफ ही अक्षरेही अंक मानणाऱ्या) पद्धतीतील एफईडी४०००० या पत्त्यापासून मेमरीसारखी दिसतात. तिथून चार-चार किलोबाइटची पाच पाने लागतात. प्रत्येक पान म्हणजे एक लोकॅलिटी, ० ते ४. कोण बोलते आहे हे चिपला पत्त्यावरूनच कळते. नेहमीचे फर्मवेअर लोकॅलिटी ० वापरते. ४ ही प्रोसेसरच्या स्वतःच्या यंत्रणेसाठी राखीव असते आणि सॉफ्टवेअरला तिथे पोचता येऊ नये अशी अपेक्षा असते.

ड्रायव्हर सर्वांत आधी पानाच्या एफ०० या जागी उत्पादक आणि चिप यांचा क्रमांक वाचतो (पानातील जागा, असे क्रमांक, आज्ञांचे बाइट आणि उत्तराचे संकेत पुढेही षोडशमान पद्धतीतच दिले आहेत). खालचे सोळा बिट १५डी१ निघाले तर चिप इन्फिनिऑनची, १०४ए निघाले तर एसटीची. सगळे बिट एक आले तर बसवर उत्तर द्यायला कोणी नाही असे समजायचे. मग ॲक्सेस रजिस्टरात ‘वापर हवा’ हा बिट लिहायचा आणि ‘लोकॅलिटी सक्रिय’ हा बिट उजळेपर्यंत वाट पाहायची.

खरा व्यवहार दोन रजिस्टरांवर चालतो. १८ या जागी स्थिती-रजिस्टर आणि २४ या जागी फिफो, म्हणजे बाइट आत-बाहेर करण्याची एकच खिडकी. स्थिती-रजिस्टरात ‘आज्ञेस तयार’, ‘चालव’, ‘माहिती उपलब्ध’, ‘अजून अपेक्षित’ असे बिट असतात. शिवाय ‘बर्स्ट काउंट’ हा सोळा बिटांचा आकडा असतो : या क्षणी चिप एका दमात किती बाइट घेईल किंवा देईल, तो. त्याहून जास्त बाइट ढकलले तर ते कुठे गेले हे शोधण्यात दिवस जातो.

एका आज्ञेचा प्रवास : टीपीएम २.० ची पहिली आज्ञा ‘स्टार्टअप’. ती पुरती बारा बाइटची आहे :

८० ०१ ०० ०० ०० ०सी ०० ०० ०१ ४४ ०० ००

पहिले दोन बाइट सांगतात की आज्ञेसोबत कोणतेही सेशन, म्हणजे परवानगी किंवा कूटबद्धतेसाठीचा जोडव्यवहार, नाही. पुढचे चार म्हणजे एकूण लांबी, बारा. त्यापुढचे चार म्हणजे आज्ञेचा क्रमांक १४४ आणि शेवटचे दोन म्हणजे ‘कोऱ्या स्थितीपासून सुरुवात कर’. सगळ्या संख्यांमध्ये मोठ्या किमतीचा बाइट आधी येतो. इंटेल आणि बहुतेक आर्म संगणकांचा क्रम नेमका उलटा असल्यामुळे नवख्या ड्रायव्हरलेखकाची पहिली ठेच बहुधा इथेच लागते.

‘आज्ञेस तयार’ बिट लिहून चिप तयार झाली की ड्रायव्हर बर्स्ट काउंट पाहत पहिले अकरा बाइट फिफोत घालतो आणि थांबतो. या क्षणी ‘अजून अपेक्षित’ बिट १ असलाच पाहिजे. मग बारावा बाइट घालायचा. आता तोच बिट ० व्हायला हवा. चिपने लांबीचे चार बाइट वाचून स्वतः हिशेब केलेला असतो आणि दोघांचा हिशेब जुळला की नाही हे या एका बिटावरून कळते. शेवटचा बाइट मुद्दाम मागे ठेवण्याची ही युक्ती मला साऱ्या विनिर्देशातली सर्वांत समंजस गोष्ट वाटते. वाटेत एखादा बाइट गळाला असेल तर आज्ञा चालवण्याआधीच उघडकीस येते. सगळे जुळले की ‘चालव’ बिट लिहायचा.

उत्तर घेताना उलटा क्रम. आधी दहा बाइटचे शीर्ष वाचायचे, त्यातून लांबी काढायची, ती आपल्या बफरात मावते का हे तपासायचे आणि उरलेले बाइट घ्यायचे. लांबी दहापेक्षा कमी तर नाही ना, हेही तपासावे लागते. दहाहून लहान आकड्यातून दहा वजा केले की चिन्हरहित गणितात प्रचंड मोठी संख्या हाती येते आणि ड्रायव्हर बफराबाहेर लिहीत सुटतो. लिनक्सच्या अनेक टीपीएम ड्रायव्हरांमध्ये ही तपासणी नव्हती. चिप आणि बोर्ड यांच्या मध्ये बसवलेले छोटे उपकरण वाटेत उत्तर बदलू शकते हे दाखवले गेल्यावर २०१८ मध्ये ती घालण्यात आली. सुरक्षा-चिपकडून आलेली माहिती म्हणून ती विश्वासाची, असे धरून चालता येत नाही.

वाट पाहण्याचे नियम : बूटच्या सुरुवातीला इंटरप्ट, म्हणजे काम झाल्याचे प्रोसेसरला आपणहून कळवणारे इशारे, नसतात. कित्येकदा रॅमही सुरू झालेली नसते आणि प्रोसेसरची कॅशच तात्पुरती मेमरी म्हणून वापरली जाते. त्यामुळे ड्रायव्हर रजिस्टर पुन्हा पुन्हा वाचत राहतो. किती वेळ वाचायचे हे विनिर्देशात ए, बी, सी आणि डी अशा चार मर्यादांनी ठरवले आहे. टीपीएम २.० साठी त्या अनुक्रमे ७५०, २०००, २०० आणि ३० मिलिसेकंद आहेत. या मर्यादा केवळ रजिस्टरांच्या हालचालींच्या. आज्ञा पुरी व्हायला लागणारा काळ वेगळा धरावा लागतो. आरएसए किल्लीची जोडी तयार करायला चिपला काही सेकंदही लागू शकतात. या दोन्ही काळांची गल्लत केली की चांगली चिप बिघडलेली ठरते.

बसचे प्रकार : बस म्हणजे बोर्डावरच्या चिपांना जोडणाऱ्या तारांचा संच; एलपीसी, एसपीआय आणि आय२सी हे तिचे प्रकार. जुन्या बोर्डांवर चिप एलपीसी बसवर असे आणि रजिस्टर वाचणे म्हणजे साधे मेमरी वाचणे असे. आता ती बहुधा एसपीआयवर असते; लहान आर्म बोर्डांवर आय२सीवरही. एसपीआयवर प्रत्येक वाचनाआधी चार बाइट पाठवावे लागतात : वाचन की लेखन आणि किती बाइट हे सांगणारा एक, मग पत्त्याचे तीन. एका वेळी जास्तीत जास्त ६४ बाइट. मेख पुढे आहे. चौथा बाइट जात असतानाच चिप आपल्या तारेवरून ‘थांब’ असे सांगू शकते. त्या बाइटचा शेवटचा बिट ० आला तर तो १ होईपर्यंत ड्रायव्हरने एकेक बाइटचे घड्याळ देत राहायचे, आणि तोवर चिप-सिलेक्टची, म्हणजे कोणत्या चिपशी बोलणे चालू आहे हे दाखवणारी, तार सोडायची नाही. पाठवणे आणि ऐकणे एकाच वेळी न जमणाऱ्या किंवा प्रत्येक हस्तांतरानंतर ती तार आपोआप सोडणाऱ्या एसपीआय नियंत्रकांवर म्हणूनच टीपीएम नीट चालत नाही, आणि दोष मात्र चिपला दिला जातो.

प्रत्यक्षातील कोड : यू-बूट, कोअरबूट आणि ईडीके२ हे बूट फर्मवेअरचे मुक्त-स्रोत प्रकल्प. यू-बूटमध्ये टीपीएम हा ड्रायव्हरांचा स्वतंत्र वर्ग आहे. प्रत्येक ड्रायव्हर उघडणे, बंद करणे, पाठवणे, घेणे, आवरून ठेवणे अशी मोजकी कार्ये पुरवतो; टीआयएसचा सामाईक भाग एका फाइलीत आणि एसपीआय, आय२सी किंवा मेमरीतून वाचण्याचा भाग वेगळा ठेवला आहे. कोअरबूटमध्ये ड्रायव्हर वरच्या थराला जवळजवळ एकच कार्य देतो : हे बाइट पाठव आणि उत्तर आण. ईडीके२ मध्येही आज्ञा पाठवणे आणि चिपचा ताबा मागणे या दोन हाकांवर सारे भागते. जुन्या एमपी ड्रायव्हरची अरुंद खिडकी अशा प्रकारे टिकून राहिली आहे, फरक इतकाच की आता काचेपलीकडचे दिसते.

अपयश आल्यावर : या विषयाचा गाभा इथे आहे. ड्रायव्हरकडून दोन वेगळ्या प्रकारची अपयशे येतात. एक, चिपशी बोलणेच झाले नाही. दोन, बोलणे झाले आणि चिप नाही म्हणाली. दुसऱ्या प्रकारातही सगळे नकार सारखे नसतात. ‘स्टार्टअप’ला उत्तर म्हणून १०० हा संकेत आला तर त्याचा अर्थ आधीच्या टप्प्याने चिप सुरू केलेली आहे एवढाच; ते यशच मानायचे. पण मोजमापाची आज्ञा फसली आणि फर्मवेअर ‘जाऊ दे, बूट तरी होऊ दे’ म्हणत पुढे गेले, तर पीसीआर कोरे राहतात. कोऱ्या पीसीआरमध्ये नंतर आलेला कोणताही कोड हवे ते हॅश हव्या त्या क्रमाने घालू शकतो, आणि शेवटचे मूल्य निष्कलंक संगणकासारखे दिसते. मोजमाप चुकले तर त्याची खूण राहते. मोजमाप झालेच नाही तर लबाडीला मोकळे रान मिळते. म्हणून फसल्यावर पीसीआरमध्ये चूक दर्शवणारे मूल्य घालून ते ‘बंद’ करणे किंवा चिपच वापराबाहेर काढणे, हे फर्मवेअरचे कर्तव्य ठरते.

२०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो ३ या संगणकात असेच घडल्याचे उघड झाले (सीव्हीई या सुरक्षा-दोषांच्या यादीतील क्रमांक सीव्हीई-२०२१-४२२९९). चिपमध्ये एसएचए-१ आणि एसएचए-२५६ या हॅश काढण्याच्या दोन पद्धतींचे दोन्ही पीसीआर-संच चालू असले की काही फर्मवेअर आवृत्त्या एसएचए-२५६ च्या संचात मोजमाप घालतच नसत. तो संच कोरा राहिल्याने दूरस्थ आरोग्य-तपासणीला खोटी नोंद दाखवता येत होती. क्रोमबुकमध्ये कोअरबूटने या प्रश्नाला कडक उत्तर दिले आहे. जुनी, सदोष आवृत्ती परत चढवता येऊ नये म्हणून किमान आवृत्तीचा आकडा चिपच्या कायम स्मृतीत असतो. तो वाचता आला नाही तर संगणक नेहमीसारखा सुरू न होता रिकव्हरीत जातो. वापरणाऱ्याला हे जाचक वाटते, पण दुसरा प्रामाणिक मार्ग नाही.

झोपेतून उठणाऱ्या लॅपटॉपचा प्रसंगही नाजूक. झोपण्याआधी ऑपरेटिंग सिस्टिमने चिपला ‘स्थिती जपून ठेव’ सांगायचे आणि उठताना फर्मवेअरने ‘जपलेली स्थिती परत आण’ असा ‘स्टार्टअप’ द्यायचा. जपलेली स्थितीच नसेल तर चिप नकार देते. त्या नकाराचे काय करायचे हे अनेक फर्मवेअरांनी नीट ठरवलेलेच नव्हते, त्यामुळे पीसीआर शून्यावर येऊन मोकळे राहात. २०१८ मध्ये हा दोष सीव्हीई-२०१८-६६२२ म्हणून नोंदवला गेला.

तारेवरचे ऐकणे : टीआयएसच्या रजिस्टरांतून जाणारे बाइट उघडे असतात. बिटलॉकरची (विंडोजमधील डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीची) किल्ली पिन न ठेवता केवळ पीसीआरला बांधली असेल, तर बूट होताना ती चिपमधून प्रोसेसरकडे साध्या रूपात जाते. एलपीसी बसला तारा जोडून ती टिपता येते हे २०१९ मध्ये दाखवले गेले. टीपीएम २.० मध्ये आज्ञेचे आणि उत्तराचे घटक सेशनमधून कूटबद्ध करण्याची सोय आहे. लिनक्सच्या कर्नलने आपल्या व्यवहारांसाठी ती ६.१० या आवृत्तीत, २०२४ साली, घेतली. बूट फर्मवेअरमधल्या आज्ञा मात्र बहुधा वरच्या बारा बाइटांप्रमाणे ‘सेशन नाही’ अशा खुणेनेच सुरू होतात.

प्रोसेसरच्या आवरणातच टीपीएम असेल, जसे इंटेलचे पीटीटी किंवा एएमडीचे एफटीपीएम, तर बोर्डावर टिपायला तारच उरत नाही. अशा ठिकाणी बहुधा फिफोऐवजी सीआरबी हा इंटरफेस असतो. संपूर्ण आज्ञा एका बफरात ठेवायची, ‘सुरू’ रजिस्टरात १ लिहायचा आणि तो ० होण्याची वाट पाहायची. बर्स्ट काउंट नाही, मागे ठेवायचा शेवटचा बाइट नाही. पानाच्या ३० या जागेतील खालच्या चार बिटांवरून ड्रायव्हर कोणता मार्ग धरायचा ते ठरवतो : ० असेल तर फिफो, १ असेल तर सीआरबी आणि चारही बिट एक असतील तर जुना टीआयएस १.३.