जिंकणारा उठत नाही, हरणाराही उठत नाही. पण दोघांचं कारण वेगळं

रुलेटच्या, म्हणजे फिरत्या चाकावरच्या जुगाराच्या टेबलाशी बसलेले दोघं लांबून सारखेच दिसतात. नजर चाकावर, फोन वाजला तरी उचलायचा नाही. एक जिंकतोय, दुसरा हरतोय. आपण दोघांनाही ‘हावरट’ म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. त्या एका शब्दाने दोघांची अडचण एकच ठरते, आणि मग समजावणारा चुकीच्या माणसाला चुकीचं समजावत बसतो.

हरणाऱ्याचं कळायला सोपं आहे. गेलेले पैसे गेले, हे त्याच्या मनाने स्वीकारलेलंच नसतं. त्याच्या लेखी ते अजून त्याचेच असतात, फक्त टेबलाच्या पलीकडे पडलेले. तो नफ्यासाठी खेळत नाही, वसुलीसाठी खेळतो. निदान त्याच्यापुढे एक रेघ तरी असते: बरोबरी झाली की उठायचं.

जिंकणाऱ्यापुढे अशी रेघच नसते. शंभर घेऊन आलेल्याचे तीनशे झाले की तो काय करतो, ते बघा. आपले शंभर वेगळे काढतो, खिशात घालतो, खिसा वरून चाचपून पाहतो. मुद्दल सुटलं! उरलेले दोनशे त्याच्या मनात जुगारघराचेच राहतात. बाहेर पडून त्याच दोनशेत हवं ते विकत घेता येईल, पण टेबलावर असेपर्यंत ते त्याला आपले वाटत नाहीत. म्हणून ते लावताना हात कचरत नाही.

रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन या संशोधकांनी 1990 साली हा फरक मांडला. त्यांचा एक प्रश्न असा: तुम्ही नुकतेच 30 डॉलर जिंकलात, आता छापा-काट्यावर 9 डॉलर लावाल का? 70 टक्के लोक हो म्हणाले. तेच 30 डॉलर हरलात असं सांगितल्यावर 40 टक्केच तयार झाले. म्हणजे हरलेला माणूस सरसकट बेफाम होत नाही, उलट बिचकतो. पण त्याच हरलेल्यांपुढे दुसरा पर्याय ठेवला: 10 डॉलर नक्की घ्या, नाहीतर तीनात एक शक्यतेवर पूर्ण 30 परत मिळवा. तेव्हा 60 टक्क्यांनी जोखीमच निवडली. हरणाऱ्याला ओढते ती बरोबरीची आशा. जिंकणाऱ्याला कशाच्या ओढीची गरजच नसते, त्याचा लगाम आधीच सैल झालेला असतो.

खरी गुंतागुंत पुढे आहे. तीनशेचे अडीचशे झाले, की जिंकणारा शंभरापासून मोजायचं सोडून तीनशेपासून मोजू लागतो. दीडशे नफ्यात असलेला माणूस मनाने पन्नास हरलेला असतो! आता त्यालाही रेघ सापडते, ती तीनशेची, आणि तो वसुलीला लागतो. मघाशी परके वाटणारे पैसे निसटू लागताच आपले होतात. एका रात्रीत एकाच माणसात ही दोन्ही दुखणी एकामागून एक येतात, आणि ती बदलली कधी हे त्याला कळतही नाही.

चाकाला यातलं काहीच ठाऊक नसतं. एका शून्याच्या रुलेटमध्ये 1 ते 36 आणि एक शून्य अशी 37 घरं असतात आणि लावलेल्या प्रत्येक रकमेतले सरासरी 2.7 टक्के जुगारघराकडे जातात. हे घरून आणलेल्या रकमेवर नाही, एकूण लावलेल्या रकमेवर. शंभर-शंभरचे पन्नास डाव म्हणजे पाच हजार लावले. सरासरी तोटा 135. जिंकणारा जास्त वेळ बसतो, मोठी रक्कम लावतो, म्हणून हा आकडा त्याच्यासाठी वाढत जातो.

त्यामुळे ‘एवढे गेले की उठ’ हा सल्ला हरणाऱ्याला थोडाफार उपयोगी पडतो. जिंकणाऱ्याच्या बाबतीत ती वेळ येते तेव्हा सगळा नफा जाऊन चुकलेला असतो. त्याने बसण्याआधीच डाव मोजून ठरवायला हवेत, वीस म्हणजे वीस, मग समोर ढीग असो वा नसो. आणि मुद्दल तेवढं खिशात घालून निर्धास्त होणं टाळावं. त्याला ती सावधगिरी वाटते, पण उरलेले दोनशे उधळायची मोकळीक त्याला तिथूनच मिळते.