आजोबांचे वेब्ली आणि 'प्रतिबंधित बोर' : पार्श्वभूमी

खंडेनवमीला नाशिकच्या काही जुन्या घरांत पाटावर कोयता, तलवार आणि बाराबोरच्या शेजारी कातडी म्यानातले एक रिव्हॉल्व्हरही मांडले जाते. त्यावर झेंडूचे फूल, हळदीकुंकू. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कपाटात जाते. यातली काही रिव्हॉल्व्हरे अधूनमधून रेंजवर नेऊन चालवली जातात, बाकीच्यांचा बार कित्येक वर्षांत निघालेला नाही. 2019 साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि या दोन्ही प्रकारच्या मालकांपुढे एकच प्रश्न आला : घरातले नेमके कोणते शस्त्र ठेवायचे आणि कोणते जमा करायचे? तो प्रश्न त्या वर्षी उपटलेला नव्हता. त्याची मुळे, कोणत्या बोरचे (नळीच्या मापाचे) हत्यार सामान्य नागरिकाला बंद हे ठरवणाऱ्या एका सरकारी परिशिष्टातल्या दीड ओळीत आहेत, आणि त्यामुळे पुढच्या मजकुरात त्या दीड ओळीलाच जास्त जागा गेली आहे.

आधी थोडे मागचे. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रीची कल्पना तिच्या अमेरिकन जनकाला कलकत्त्याच्या सफरीवर असताना जहाजात सुचली आणि तिथेच त्याने लाकडाचा नमुना कोरला, अशी कथा सांगतात. त्याचे पेटंट 1836 चे. 1857 च्या धामधुमीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला अशी हत्यारे होती आणि समोर बहुतेक ठासणीच्या बंदुका. 1878 च्या शस्त्र कायद्याने हा फरक कागदावर आणला. हिंदी माणसाला परवाना, युरोपियनांना सूट. हत्यार बाळगण्याचा प्रश्न त्यानंतर राजकीयच राहिला, इतका की 1931 च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला गेला.

या विषयात नाशिकचे नाव निघाले की 21 डिसेंबर 1909 ची रात्र आठवते. विजयानंद थिएटरात 'शारदा'चा प्रयोग, कलेक्टर जॅक्सनचा निरोप समारंभ आणि त्याच्यावर झाडलेल्या गोळ्या. नाशिककर आजही सांगताना सहज 'रिव्हॉल्व्हर' म्हणतात. ते रिव्हॉल्व्हर नव्हते. लंडनहून लपवून आणलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी ते एक होते, म्हणजे चक्री नसलेले, मुठीत मॅगझिन बसणारे. मराठीत दोन्हींना 'पिस्तूल' म्हणून चालते, जुन्या पिढीत 'सहाबारी' म्हटले तरी चालते. परवान्याच्या कागदावर मात्र ते चालत नाही.

जिल्ह्यात जुनी रिव्हॉल्व्हरे टिकली त्याचे साधे कारण देवळाली. 1861 पासूनची ही छावणी. परदेशातून येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या फौजा इथे थांबत, पुढे तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आले. शहरात पोलिसांचे प्रशिक्षण केंद्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे, आणि 1937 पासून मुलांना नेमबाजी शिकवणारी लष्करी शाळा. ब्रिटिश पद्धतीत अधिकारी आपले कमरेचे हत्यार बहुधा स्वतःच्या पैशाने विकत घेत असे. ते हत्यार त्याचे, सरकारचे नव्हे. निवृत्तीनंतर ते सरकारजमा होण्याऐवजी घरी येई, विकले जाई किंवा भेट म्हणून दिले जाई. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांकडे आलेली हत्यारे वेगळ्या वाटेची : स्वसंरक्षणासाठी काढलेला परवाना आणि मुंबईच्या दुकानातून घेतलेले विलायती .32 बोरचे रिव्हॉल्व्हर.

आता हत्यारांविषयी. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे .455 हे 1887 पासून ब्रिटिश फौजेचे अधिकृत रिव्हॉल्व्हर. त्याची सहावी आवृत्ती 1915 ची, पहिल्या महायुद्धाची. जड, लांब नळीचे, धक्का देणारे. थोडक्या सरावात जवानाला ते आवरत नाही हे लक्षात आल्यावर ब्रिटिशांनी हलका बोर शोधला आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी कारखान्याचे .38 चे एनफिल्ड क्रमांक 2 आले. त्याची रचना वेब्लीचीच म्हणता येईल इतकी जवळची आहे, आणि त्यावरून वेब्ली आणि सरकार यांच्यात पैशांचा वादही झाला. 1938 मध्ये एनफिल्डच्या घोड्याची शेपटी काढून टाकली, कारण रणगाड्यात चढता-उतरताना ती अडकत असे. शेपटी गेली म्हणजे अंगठ्याने घोडा मागे ओढून हलक्या चापाने बार काढायची सोय गेली. प्रत्येक गोळीला चापच पूर्ण दाबायचा. जुन्या एनफिल्डांपैकी बरीच नंतर अशी बदलली गेली, म्हणून शेपटी शाबूत असलेल्या एनफिल्डसाठी संग्राहक जीव टाकतात. कागदावर नेम साधायचा तर तेच बरे.

या सगळ्यांची लकब एक. डाव्या बाजूची, अंगठ्याखाली येणारी कळ दाबली की हत्यार वरून उघडून पुढे मोडते, आणि मोडतानाच सहाही रिकामी टरफले एकदम बाहेर उसळतात. ज्याने हे एकदा हातात घेऊन केले आहे त्याला बाजूला उघडणारी अमेरिकन चक्री जरा कोरडीच वाटते. हे माझे मत, वाद घालायला जागा आहे.

आता ती दीड ओळ. 1959 चा शस्त्र अधिनियम 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला आणि त्याच्यासोबत 1962 चे नियम आले. अधिनियमात व्याख्या आहे ती 'प्रतिबंधित शस्त्रा'ची, आणि तिचा रोख स्वयंचलित हत्यारांवर आहे. 'प्रतिबंधित बोर' हा शब्द, कचेरीत ज्याला नुसते 'पीबी' म्हणतात, तो नियमांच्या पहिल्या परिशिष्टातून आणि त्यावरच्या टिपणांतून रूढ झाला. त्या परिशिष्टात .303 आणि 7.62 च्या रायफलींबरोबर, ज्यांच्या घरात (म्हणजे काडतूस बसण्याच्या पोकळीत) .380 किंवा .455 चे कडवाले (बुडाशी बाहेर आलेली कड असलेले) काडतूस बसते आणि उडते अशी कोणत्याही बोरची पिस्तुले, रिव्हॉल्व्हरे आणि कार्बाइनी घातल्या आहेत. हेतू उघड आहे : फौजेचा आणि पोलिसांचा दारूगोळा बाहेर झिरपला तरी तो नागरिकाच्या हत्यारात चालू नये. नागरी रायफल .303 ऐवजी .315 ची आणि नागरी रिव्हॉल्व्हर .32 चे का, याचे उत्तर इथे आहे.

हेतूशी भांडण नाही. भांडण आकड्यांशी आहे. बोर हा शब्द मराठीत दोन वेगळ्या मापांसाठी वापरला जातो. बाराबोर म्हणजे एका पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बसेल ती नळी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. बत्तीस बोर म्हणजे इंचाचा बत्तीस शतांश, सुमारे आठ मिलिमीटर. पहिल्यात आकडा वाढला की नळी बारीक होते, दुसऱ्यात जाड. त्यात अडतीस हा आकडा तर कशाचेच खरे माप नाही. .38 वेब्लीची गोळी .361 इंचाची, .38 स्पेशलची त्याहून बारीक. ब्रिटिशांनी त्याच वेब्लीच्या काडतुसाला सरकारी कागदावर .380 म्हटले, आणि 200 ग्रेनच्या गोळीमुळे इतरांनी .38/200. बिनकडेचे .380 पिस्तुलाचे काडतूस हे पुन्हा तिसरेच, त्याचा या कुटुंबाशी संबंध नाही. .38 स्पेशलच्या चक्रीत .380 चे सरकारी काडतूस जाड टरफलामुळे नीट शिरतच नाही. परिशिष्टाची कसोटी 'बसते आणि उडते' अशी असेल तर निकाल हत्यार तपासून लागायला हवा. प्रत्यक्षात नळीवरचा आकडा वाचला जातो. अडतीस दिसले की फाइल थांबते, अशी तक्रार परवानाधारक वर्षानुवर्षे करत आले आहेत.

.32 मध्येही गुंता आहे, पण तो निरुपद्रवी. 1896 मध्ये एका अमेरिकन कारखान्याने लांब .32 काढले. प्रतिस्पर्धी कारखान्याने काडतूस तेच घेतले, पण दुसऱ्याचे नाव आपल्या नळीवर नको म्हणून 'पोलीस' असे कोरले. चक्रीत काडतूस तेच बसते, परवान्यावर मात्र नाव जुळत नाही. इथे कारकुनाला समजावता येते.

.38 आणि .455 चे तसे नाही. प्रतिबंधित बोरचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा पोलीस आयुक्तांच्या हातात नाही, तो केंद्राकडचा विषय. म्हणून देवळालीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याचे रीतसर नोंदलेले .38 वेब्ली त्याच्या हयातीत ठीक चालते आणि नातवाच्या नावावर घ्यायची वेळ आली की दिल्लीपर्यंत जाते. दरम्यान शेजारच्या बागायतदाराचे त्याच वयाचे, त्याच कारखान्याचे .32 दुसऱ्या पिढीकडे गेलेलेही असते. त्यात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करण्याची वाट बंद झाली. तेव्हापासून देशात आधीच असलेल्या विलायती .32 ला मागणी चढत गेली आणि .38 ला जवळपास गिऱ्हाईक उरले नाही. पूर्वी फौजेत ज्याची पत मोठी होती, ते बाजारात बिनभावाचे झाले.

2016 च्या नव्या नियमांनी वारशाची वाट थोडी सोपी केली. मालक वारल्यानंतरच नव्हे, तर तो सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने ते हत्यार पंचवीस वर्षे बाळगले असेल तरी वारसाच्या नावे अर्ज करता येतो. नव्या अर्जदाराला हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागू लागले, जे आधीच असायला हवे होते.

मग 2019. 1983 च्या दुरुस्तीपासून एका माणसाला तीन हत्यारे ठेवता येत. नोव्हेंबर 2019 च्या विधेयकात ही मर्यादा थेट एकवर आणली होती. विरोध झाला आणि डिसेंबरमध्ये मंजूर होताना ती दोनवर आली. तिसरे हत्यार वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायचे, त्यानंतर नव्वद दिवसांत ते परवान्यावरून उतरणार. वारशालाही सवलत नाही, तिथेही एकूण दोनच. ही दुरुस्ती मुख्यतः बेकायदा हत्यारे आणि लग्नात हवेत गोळीबार करणारे यांच्याविरुद्ध होती, आणि लग्नातल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंतची कैद ठेवली हे योग्यच झाले. मात्र देशी कट्टा बाळगणारा कधीच कुठे नोंदलेला नसतो. वर्षभरात हत्यार घेऊन ठाण्यात गेले ते आधीपासून नोंदलेले.

नेमबाजांना सूट आहे, असे त्या वेळी वारंवार सांगितले गेले. कलम वाचले तर मान्यताप्राप्त क्लबच्या सभासदाला सूट आहे ती लक्ष्यसरावाच्या .22 रायफलीसाठी आणि एअर रायफलीसाठी. रिव्हॉल्व्हरचा उल्लेख नाही. फेब्रुवारी 2020 च्या अधिसूचनेने आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांची मर्यादा सातवरून बारावर नेली, तीही स्पर्धकांसाठी. रविवारी रेंजवर आजोबांचे .32 घेऊन पन्नास बार काढणारा माणूस ना स्पर्धक आहे ना दुकानदार. कायद्याच्या भाषेत तो फक्त स्वसंरक्षणाचा परवानाधारक आहे.

आणि तरी रिव्हॉल्व्हर हे खेळाचे हत्यार नाही असे म्हणता येत नाही. पंचवीस मीटर सेंटर फायर हा प्रकार .30 ते .38 बोरसाठी आहे : तीस बार संथ नेमाचे, तीस बार असे की लक्ष्य तीन सेकंद समोर आणि सात सेकंद पाठमोरे. भारतात तो मुख्यतः लांब .32 वर खेळला जातो. 1994 च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेतले भारताचे सुवर्ण याच प्रकारातले, आणि 2006 मध्ये दोहात याच प्रकारात 590 गुणांनी विश्वविक्रमाची बरोबरी झाली. नियमांत चक्रीला मज्जाव नाही. आता वरच्या पातळीवर सगळीकडे मॅगझिनची पिस्तुले दिसतात हा भाग वेगळा.

जुन्याने बार काढणाऱ्यांची रेंजवरची काळजी निराळी असते. चक्री जागेवर येऊन घट्ट बसते का, की बोटाने हलवली तर डुगडुगते? डुगडुगत असेल तर गोळी नळीच्या तोंडाशी घासून शिसे बाजूला उडते. घरांत गंजाचे खड्डे असले की टरफल अडकते. काळ्या दारूच्या जमान्यातल्या हत्यारात आजचे काडतूस घालायचेच नाही. लांब .32 ची काडतुसे खडकीच्या कारखान्यातली मिळतात, परवान्यावर लिहिलेल्या संख्येच्या आत. .455 ची काडतुसे दुकानात मागायला कोणी जात नाही.

फेब्रुवारी 2020 च्याच अधिसूचनेतला दुसरा भाग संग्राहकांसाठी होता. 'क्युरिओ' या वर्गातले हत्यार नुसते बाळगायला परवाना लागणार नाही. वापरायला, जवळ बाळगून फिरायला किंवा कुठे न्यायला मात्र लागेल, आणि परवान्यावर त्याची नोंद नसेल तर काडतूस मिळणार नाही. वाचायला उदार. पण मूळ अधिनियमाच्या 45 व्या कलमात जुन्या हत्याराला सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला. या दोन शब्दप्रयोगांच्या मधोमध एक चालू वेब्ली ठेवले तर ते कोणत्या बाजूला पडते, यावर एकाच दुकानात दोन मते ऐकायला मिळतात. साहजिकच बहुतेकांनी क्युरिओच्या फंदात न पडता सोपे ते केले. बाराबोर शेतासाठी ठेवली, एक .32 ठेवले, आणि जमा झाले ते बहुतेक ठिकाणी तिसरे, सर्वांत जुने, ज्याची काडतुसे मिळत नाहीत ते.

कानपूरचे सरकारी .32 नव्वदच्या दशकात आले, तेव्हा त्याची घडण .38 वेब्ली मार्क चारवरूनच घेतली होती. 2014 चे टायटॅनियमचे 500 ग्रॅमचे 'निर्भीक', बाजारात आले तेव्हा किंमत 1,22,360 रुपये, हेही तसेच वरून मोडणारे. त्यामुळे दुकानात नवे .32 हातात घेणाऱ्या नाशिककराच्या अंगठ्याखाली येते ती आजोबांच्याच हत्याराची कळ. 2023 चे 'प्रबल' मात्र मोडत नाही, त्याची चक्री बाजूला उघडते.